डबा काढून घेतल्याचे दिवस

माझी धाकटी जाऊ एका कार्यशाळेत मदतनीस आहे. ज्यांना बोलता येत नाही किंवा समजायला वेळ लागतो, अशी मोठी माणसे तेथे पुठ्ठ्यांवर बटणे टाचतात आणि ते पुठ्ठे आपापल्या डब्यात भरतात. त्यांतील एका तरुणीला सारे चिमणी म्हणतात. ती रक्त येईपर्यंत स्वतःचे मनगट चावत असे. महिनाअखेर तिला घरी पाठवावे, असे मुख्य बाईंनी ठरवले होते. घरी म्हणजे एका बंद खोलीत, कारण आई दिवसभर कामावर.

माझ्यासारखीच जाऊही लहानपणी शाळेत गेली नाही. परंतु तिची नजर घारीची आहे. चिमणीने चावा घेतला की ती एप्रनच्या डाव्या खिशातील एक बटण उजव्या खिशात टाकी. पाच दिवस रोज अठरा-वीस भरली. भरलेला डबा दुसऱ्या कोणी उचलून नेला की चावणे सुरू होते, हे तिच्या ध्यानात आले. तेव्हा तिने चिमणीला आपला डबा आपणच कपाटात ठेवू दिला. आठवड्यात बटणे दिवसाला तीनवर आली.

मुख्य बाई म्हणाल्या, "नवे औषधही तेव्हाच सुरू झाले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ."

"मग कावळा उठवू आणि पुन्हा बसवू," जाऊ म्हणाली. "औषध चालूच ठेवा. फांदी दोनदा मोडली तर मात्र कावळ्याला मान द्या."

म्हणजे डबा पुन्हा काढून घ्यायचा. चिमणीची आई संतापली. बरे झालेले लेकरू बिघडवून दाखवता का, असे तिने विचारले.

जाऊने तिला जवळ बसवले. "ताई, नुसत्या माझ्या शब्दावर तिला इथे कोणी ठेवणार नाही."

आईने तीन दिवस दिले. मनगटाला जाड पट्टी बांधण्याची अट घातली.

पहिल्याच दुपारी जाऊला राहवले नाही. तिने एक डबा कपाटात ठेवायला चिमणीच्या हाती दिला. संध्याकाळी स्वतःच तसे सांगून तो दिवस मोजणीतून वगळायला लावला आणि आईकडून आणखी एक दिवस मागून घेतला. मग मन घट्ट केले. सतरा, एकोणीस, वीस.

त्यानंतरच्या सकाळी डबा चिमणीला परत मिळाला. त्या दिवशी चार बटणे, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी उजवा खिसा रिकामा. औषध तेच होते, खुर्चीही तीच.

मुख्य बाईंनी घरी पाठवण्याचे पत्र सर्वांदेखत फाडले. चिमणी तेव्हा भरलेला डबा घेऊन कपाटाकडे निघाली होती. बाई वाटेतच उभ्या होत्या. तिने त्यांना कोपराने बाजूला सारले आणि पुढे गेली.