उपकारस्तुतीचं अर्धं गाणं

पाळकांनी आईच्या हातातला माईक काढून घेतला. ती गात असताना. ओळ अर्धी तोंडात असताना.

"बसा बाई. पाहुण्यांना काही समजत नाहीये. देवाच्या घरात जरा शुद्ध भाषेत गावं."

पुढच्या रांगेत खुर्च्यांवर मोठ्या शहरातून आलेले पाहुणे. त्यांतली एक बाई मोबाइलवर आईचं शूटिंग करत होती. हसून शेजारणीला म्हणाली, "किती क्यूट, नाही?" मग सगळी रांग हसली. पाळकही हसले.

चर्चमध्ये हंगामाची उपकारस्तुती होती, नव्या पिकासाठी देवाचे आभार मानायची. नवापूरच्या आसपासच्या पाड्यांवरून लोक आले होते. नवा भात, तूर, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळं वेदीसमोर मांडलेलं. आई त्या पोत्यांमागे जाऊन खाली बसली. तिला वाटलं, तीच चुकली.

ते गाणं तिनं स्वतः रचलेलं. मावचीत, आमच्या घरच्या बोलीत. पाऊस वेळेवर आला, गाय सुखरूप व्याली, पोरीचा ताप उतरला, देवा तुझे उपकार. एवढंच. आईला अक्षर येत नाही. गाणं येतं.

आणि पाळक परके नव्हते. आमच्याच शेजारच्या पाड्यातले, मावचीच. लहानपणी आमच्या खळ्यावर आईच्या मागे मागे गात ते गायला शिकले. त्यांचा बाप गेला तेव्हा पुरायला नेताना आईच गात होती. आधल्या आठवड्यात ते स्वतः घरी आले होते. चुलीपाशी बसून म्हणाले, "काकी, यंदा तुमचंच गाणं घ्यायचं." त्या दिवसापासून आई भात झोडताना तेच घोळवत होती.

चुलीपाशी काकी. पाहुण्यांसमोर बाई.

"आता गायनमंडळ," पाळक म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. गाणं मीच उचलायची, कितीतरी वर्षं. पेटीवाल्यानं सूर दिला. मी तोंड उघडलं नाही. त्यानं परत दिला.

मी म्हणाले, "आईचं गाणं अर्धं राहिलंय. ते पुरं होऊ द्या. मग मी गाते."

पाळक जवळ आले. हळूच म्हणाले, "तमाशा करू नको. पाहुणे आहेत."

मी मावचीत विचारलं, "पाहुण्यांना समजत नाही. तुला तर समजतं ना?"

त्यांनी मराठीत उत्तर दिलं. "जागेवर जाऊन बस."

मी गायनमंडळातून बाहेर आले, आईपाशी गेले, म्हटलं, ऊठ, गा. तिनं मान हलवली. उठली नाही. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. मंडळी माझ्याशिवाय गायली. आमच्या पाड्यातलं एकही माणूस उठलं नाही. तेही मला विसरता येत नाही.

घरी जाताना आईनं विचारलं, "देवाला आपलं बोलणं समजत नसेल का गं?"

साठीच्या बाईला हा प्रश्न पडावा. जन्मभर ज्याच्याशी बोलली, त्याच्याविषयी.

पुढे पाळकांचा निरोप आला. पोरीला म्हणावं, मनावर घेऊ नको, क्षमा करायला शीक.

आई तेव्हापासून गायलेली नाही. मी चर्च सोडलं नाही. देव कुणाच्या मालकीचा नाही. रविवारी पुढच्या रांगेत उभी राहते आणि सगळे मराठीत गातात तेव्हा मी मावचीत गाते. मोठ्यानं. पण प्रार्थनेत, आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी आम्हाला कर, ही क्षमेची ओळ आली की गप्प राहते. पाळकांनी भर मंडळीत, आईसमोर, आमच्या भाषेत चूक कबूल करावी. तोवर ती ओळ मी म्हणणार नाही.