बुजवलेलं बावखल

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही, ती गेली तेव्हासुद्धा नाही. तिसरी शिकलेला माणूस मी, लिहायला वेळ लागतो – पण हे दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं नव्हे.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. गावाचा कचरा उचलायचा मक्ता माझ्याकडे होता. ट्रॅक्टर एकच, आणि टाकायची जागा पार खाडीकडच्या खाजणात. दिवसाला जेमतेम दोन खेपा, नुसतं डिझेल जळायचं. मी कोळशाने भिंतीवर नकाशा काढला. पापडीच्या वस्तीमागे बावखल होतं – बागांना पाणी पुरवणारं तळं, चार घरांच्या सामाईकीचं. एक कोपरा आमच्या वाटणीचा. तिथे ओतलं तर पाच खेपा. खाली विटांचे तुकडे, वर बाजारचा कचरा, त्यावर माती. आखणी माझी होती, आणि अजून म्हणतो, ती चुकली नव्हती.

इनासदादा आडवा आला. शेजारचा वाटेकरी, पानवेलीवाला. ट्रॅक्टरपुढे उभा राहून म्हणाला, "बाळू, तुझ्या कोपऱ्यातलं पानी तुझ्याच कोपऱ्यात बसतं का रे? दोरी बांधलीस त्याला?"

माझी माणसं हसली. हसली नसती तर? – नाही, तसं म्हणायचं नाही.

पहिलं फावडं रागाने मारलं, तोंडावर. जबडा मोडल्याचा आवाज ऐकला मी. तो पडला, रक्त आणि दात थुंकत. तिथे थांबता आलं असतं. दुसरं मी जागा बघून मारलं – उजव्या कोपरावर, ज्या हाताने तो वेली बांधायचा. तेव्हा राग नव्हता. मग काय होतं? बरं वाटत होतं. माणसांना म्हटलं, तोंड उघडाल तर तुमचंही हेच.

डॉक्टरला मीच सांगितलं – पिऊन काठावरून पडला. लग्नातही ग्लास उपडा ठेवणारा माणूस. जबडा तारेने बांधलेला, दोन महिने बोलता येईना. तोवर गावात माझंच खरं झालं. पुढे तो बोलला, तर लोक म्हणाले, दारुडा काहीही बरळतो. क्रुसाजवळ प्रार्थना तो सांगायचा, ती दुसऱ्याकडे गेली. बावखल मी पावसाआधी बुजवलं.

पण एवढंच असतं तर लिहिलं नसतं. तो वारला तेव्हा मयताला गेलो – ताठ मानेने. त्याची लेक फिलू मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, तुम्ही तिथं होता. आई मरेपर्यंत बाबांशी धड बोलली नाही. आता तरी सांगा, बाबा खरंच प्यायले होते?"

भीती कसली होती मला? पाहणारे सगळे मेलेले.

मी म्हटलं, "हो पोरी. उभंही राहता येत नव्हतं त्याला."