दांडीवरचं वजन

स्वतःच्या वजनाची चिंता करणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण वजन नेमकं बसलंय कुठे, या काळजीने वाळत गेलेला माणूस मी एकच पाहिला. मोहाडीचे माझे साडभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. या गृहस्थांनी जीपमागे ओढायची घरगाडी बनवून घेतली: दोन चाकांवर एक खोली, आत पलंग, शेगडी, खिडकीला पडदा. कारण ताई, म्हणजे त्यांची बायको. ताईंचं माहेर गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं, भाऊ पांगले. एकदा त्या सहज बोलून गेल्या, "माहेरी दुपारी लोळलं तं कोणी उठवत नव्हतं. तशी झोप मंग लागलीच नाही." साडभाऊंनी ते मनावर घेतलं. "घर बुडालं ना? आपण घर घेऊन जाऊ!"

पण पहिल्याच फेरीत घरगाडी रस्त्यावर शेपूट हलवायला लागली. बंडीत मागे जास्त भरलं की पुढची दांडी वर उचलली जाते, बंडी उलार होते; हे तेच होतं. एकूण वजनाचा दहावा हिस्सा, वर थोडं, जीपच्या हुकावर टेकायला हवा, असं त्यांना मोबाइलवर कळलं आणि घरातली शांती गेली. राइस मिलचा धान मोजायचा काटा मागून आणला, त्यावर दांडी टेकवली. पातेली पुढे, गादी मागे, पुन्हा काटा. पुढे हे अंगातच भिनलं. एका लग्नात जाडजूड पाहुणे एका टोकाला बसलेले पाहून त्यांनी वाढप्याला थांबवलं, "पंगत उलार होऊन राहिली, दोघाले इकडं बसवा!" मी बसमध्ये मागे बसलो, तर हाताला धरून मला ड्रायव्हरच्या पाठीशी आणून बसवलं. ताई म्हणायच्या, "या काट्यापायीच म्हातारी होतो मी."

अखेर काटा जुळला. निघायच्या सकाळी आळीतल्या बाया आल्या. माहेरी निघालेल्या बाईला रिकाम्या हाताने कोण जाऊ देतं? नवा तांदूळ, लाखोळीची डाळ, पोहे. दार मागच्या बाजूला, सगळं तिथेच साचलं. साडभाऊंचा चेहरा बघवेना.

"आता पुन्हा मोजा लागते. उद्या जाऊ."

ताई जीपमध्ये बसल्या होत्या. त्या उतरून रस्त्याला लागल्या. "तुमी मोजत बसा. मी पायी जातो."

साडभाऊ घाबरले. घरगाडी उभी असताना मागे लावायचे लोखंडी टेकू काढून त्यांनी अंगणात टाकले, तेवढाच भार कमी, आणि मला शेजारी बसवून जीप चालू केली; ताईंना वाटेत गाठून घेतलं.

धरणाच्या काठाशी दार पाण्याकडे करायचं म्हणून आम्ही जीप सोडवली आणि घर हाताने वळवलं. ताई आत जाऊन मागच्या पलंगावर आडव्या झाल्या, आणि दांडी सावकाश वर उठायला लागली. साडभाऊ झेप घेऊन तिच्यावर बसले. घर सरळ झालं.

"जीप लावू का परत?" मी विचारलं.

"नोको. धक्का लागन."

"मग मी बसतो जरा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमचं वजन नाही पुरत. अन् हळू बोला, साडभाऊ. ते माहेरी निजली हाये."

ऊन चढलं होतं. दांडीच्या बाजूने पाणीही दिसत नव्हतं. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिलो. या माणसावर मी किती वर्षं हसत आलो, आणि त्या दुपारी मला त्याचं फार फार प्रेम आलं. आतून ताईंचं घोरणं ऐकू येत होतं. चहाची वेळ टळून गेली, पण त्यांना कुणी उठवलं नाही.