चंद्राआधीचा फोटो

मुलांनो, राहुरीला आमच्या शेजारी एक गृहस्थ राहत. कुणाचाही फोटो हातात आला की ते आधी म्हणत, "फोकस गेलाय." लग्नाचा अल्बम असो की वर्तमानपत्रातला मंत्री, निकाल ठरलेला.

त्यांच्या मुलाने अमेरिकेहून आपला वापरलेला डिजिटल कॅमेरा पाठवला. घरातल्या जुन्या दुर्बिणीला जिथे डोळा लावतात, तिथे त्यांनी तो सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट बांधला आणि संध्याकाळी गच्चीवरून चंद्र टिपला. मग आम्हा शेजाऱ्यांना आणि दूधवालीला चहाला बोलावून त्यांनी कॅमेरा टीव्हीला जोडला.

चंद्रावरचे खड्डे बघून दूधवाली म्हणाली, "काका, तिथंबी पाझर तलाव खोदल्यात व्हय?" ते मनापासून हसले आणि त्या नादात त्यांच्याकडून आधीच्या फोटोचं बटण दाबलं गेलं.

पडद्यावर त्यांचा मुलगा आला. गळ्यात हार होता, आणि शेजारच्या अनोळखी मुलीच्या गळ्यातही. त्याच्यासाठी स्थळ बघायला हे गृहस्थ आदल्याच रविवारी नगरला जाऊन आले होते.

"आवं, ह्यो तर तुमचा..." दूधवाली मध्येच थांबली. आम्ही सगळ्यांनी कपात तोंडं खुपसली. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखी मला लाज वाटली.

ते टीव्हीजवळ गेले. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ फोटो बघितला.

"फोकस छान आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी पुन्हा चंद्र लावला आणि खड्ड्यांची माहिती पुढे सांगू लागले. त्यानंतर पडद्याकडे फक्त तेच बघत होते.