पेपेरोमियाला पाणी नको

टेलरबाई वॉकर आपटत घरात शिरल्या आणि त्यांना पहिला वास आला तो कुजक्या मातीचा. त्यांनी मशीनपलीकडच्या खिडकीकडे पाहिलं मात्र, तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो!"

नवरा त्यांच्या बॅगा घेऊन मागेच उभा होता. जन्मभर ट्रक चालवलेला, दारात मावणार नाही एवढा धिप्पाड माणूस, पण या 'अहो'पुढे त्याचं मांजर व्हायचं. त्यानं बॅगा आवाज न करता खाली ठेवल्या.

"गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना मी काय सांगितलं होतं?"

"झाडांना पाणी घालू नका."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"घातलं. रोज."

रोज! पेपेरोमियाला रोज पाणी! ज्यानं हे झाड पाहिलं नसेल त्यालाही या माणसाचा राग यावा. वीतभर उंचीचं हे झाड. पानं जाड, आपलं पाणी आपल्याच पोटात साठवून ठेवणारी. त्याला मोठी कुंडी नको, ऊन नको, सारखी विचारपूस तर मुळीच नको. कुंडीतली माती वाळल्यावर थोडं पाणी मिळालं की बास. बाईंच्या पुढच्या खोलीची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. तिथे गुलाब मेला, मोगरा मेला, लोकांनी भेट दिलेली नाजूक झाडं तर आठवडाभरही तग धरेनात. दिवसभर दुसऱ्यांच्या पँटी आखूड करायच्या आणि मान वर केली की भिंत बघायची, असा तो संसार.

मग एकदा थोरली बहीण ओल्या रुमालात एक पान घेऊन आली. देठ लालसर, पानावर कलिंगडाच्या सालीसारखे पट्टे. "लाव हे," ती म्हणाली. "तुझ्यासारखंच आहे. काही मागत नाही." त्या पानाच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढी पिल्लं फुटली, कुंडी भरली, पुढे तिच्यातून आणखी कुंड्या झाल्या. चेन बदलून घ्यायला थांबलेली गिऱ्हाइकं पानांवरून बोट फिरवत बसू लागली. खोलीत ऊन तेवढंच होतं, पण भिंत दिसेनाशी झाली. थोरली गेली तेव्हा बाई चार लोकांत रडल्या नाहीत. तिच्या कुंडीसमोर मशीन चालवत बसल्या.

बाकीच्या कुंड्यांचा चिखल झालाच होता, आणि तीच कुंडीही या गृहस्थानं बुडवली होती.

बाईंनी स्टुलावर बसून ती वर्तमानपत्रावर उलटी केली. मुळं भिजलेल्या दोऱ्यासारखी हातात आली. खोड बुडाशी काळं पडलेलं. बोट लावताच पानं गळत होती.

"माझ्या बहिणीचं झाड होतं हे!" त्या कडाडल्या. "एवढी वर्षं या घरात मी काय भिंतीशी बोलले? दोन शब्द होते, घालू नका. ते तुमच्या टाळक्यात शिरू नयेत?"

"शिरले होते."

"मग?"

आता त्याचाही आवाज चढला, आणि तो सहसा चढत नसे.

"तू नको म्हणालीस म्हणूनच घातलं! मी गाडीवर असताना फोन करायचो, काही आणू का. तू म्हणायचीस, नको. मी रिकाम्या हातानं आलो की दोन दिवस घरात भांडी आपटायची. तो निळा कोट आठव. नको म्हणालीस, मी घेतला नाही, महिनाभर माझ्याशी धड बोलली नाहीस. आत्ता ऑपरेशनला म्हणालीस, येऊ नका, मी बघते. मी आलो, तर माझा हात सोडेनास. मग मी काय समजायचं? मी ठरवून टाकलं, ही नको म्हणाली की करायचंच."

बाईंचं पित्त खवळलं. हा माणूस खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. एक सणसणीत उत्तर जिभेवर आलं होतं, पण कोट खरंच निळा होता. तो त्यांना अजून हवा होता.

"माझ्यावर ढकलू नका," त्या म्हणाल्या, आणि त्या राड्यात बोटं घालून शोधू लागल्या. हे पान गेलेलं, हेही गेलेलं, हे देठापासून लिबलिबीत. सगळ्यात वरचं एक पान मात्र टणक निघालं, देठही लाल होता. त्यांनी कात्रीनं ते कापलं, रिकाम्या वाटीत कोरडीशी माती घेतली, थोडी ओलसर केली आणि देठ तिच्यात खोचला. बहिणीचं म्हणून आता तेवढंच उरलं होतं.

नवरा स्वयंपाकघरातून पाण्याचा मग भरून घेऊन आला. सवयीनं आला असावा. वाटीपाशी येऊन थबकला.

"याला घालू?"

"नको."

तो हलेना. मगातलं पाणी ओतेना, परतही नेईना. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडावर शाळेत गणित न सुटलेल्या पोराचा भाव होता. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. त्याला खरोखरच कळत नव्हतं. आणि आज त्याला कळलं नाही तर हे शेवटचं पानही जाणार होतं.

"नको म्हणजे नको!" त्या ओरडल्या. "याला पाणी नको. मला हवंय. पाणी हवंय, नंतर चहा हवाय, साखर घालून. आणि गुडघा ठणकतोय माझा, येताना गाडीतही ठणकत होता, सांगितलं नाही. आणि ताईची आठवण येतेय. उभे काय राहिलात? बसा इथे माझ्याजवळ!"

तो बसला. बाईंनी त्याच्या हातातला मग हिसकावून घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.