नाकावरचा रुमाल

वहिनीसाहेबांनी नाकाला लावलेला रुमाल काढला आणि माझ्या आईच्या हातावर टाकला.

आईला वाटलं, रुमाल पडला. ती तो उचलून परत द्यायला लागली. "वहिनीसाब, पडला तुमचा."

वहिनीसाहेब दोन पावलं मागं सरकल्या. "मला नको परत. तुम्हीच ठेवा. हात झाका त्यानं. फोटोत बरं दिसत नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू शिकलेली दिसतेस. बांध गं जरा."

मी बांधला.

हे आधीच सांगून टाकते. मागाहून सांगितलं तर मी मोठी वाघीण होते असा कुणाचा समज व्हायचा. माझ्या आईच्या तुटक्या बोटांवर दुसरीच्या नाकाचा रुमाल मी माझ्या या हातांनी बांधला. गाठ मारताना आई म्हणाली, "लई आवळू नको गं. ठणकतंय अजून." मी गाठ सैल केली. एवढंच केलं. रुमाल काढला नाही.

ही खोली होती शहरातल्या एका मोठ्या मंगल कार्यालयातली, नवरीला सजवतात ती. आम्ही पाच बायका. आई, मी, माझी चुलती आणि वस्तीतल्या आणखी दोघी. पाचही जणींच्या अंगावर कोळणीचा ड्रेस. शाळेच्या गॅदरिंगला भाड्यानं देतात तो. काखेत दुकानाच्या नंबरची चिठ्ठी टाचलेली. आईचा ब्लाउज पाठीवर बसेना, म्हणून तिथं चार सेफ्टी पिना. केसात कागदी फुलं, हातात पुठ्ठ्याचं वल्हं.

आम्ही भोई. पैठणच्या बाजूला, धरणाच्या पाण्याकाठी आमची वस्ती. आमच्यातल्या एकीनंही समुद्र पाहिलेला नव्हता. आमचे लोक थर्माकोलच्या जाड पाट्या पोत्यात शिवतात, त्यावर मांडी घालून बसतात आणि फळकुटानं पाणी मागं सारत खोल पाण्यात जातात. खाली कमरेइतकं पाणी आहे की दोन माणूस, हे त्यांना न बघता कळतं. मी वहिनीसाहेबांना विचारलं होतं, आम्ही आमच्या रोजच्या लुगड्यात आलो तर नाही का चालणार? त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, तुम्ही तशा मच्छीमार वाटतच नाही."

पणज्यापासून मासे धरून आम्ही मच्छीमार वाटत नव्हतो. मच्छीमार वाटत होते त्यांचे यजमान. भाऊसाहेब. आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. ऊस आहे, पेट्रोल पंप आहे, शहरात बंगला आहे. पाण्याशी त्यांचा संबंध आंघोळीपुरता. पण पाण्यात कुणी जाळं टाकायचं, कुणी नाही, ते बंगल्यात बसून ठरवतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. आधी त्यांचे वडील होते. त्याआधी चुलते.

आता आईच्या हाताचं.

दोन वर्षांमागं जाळ्यातून चिलापी मासळी सोडवताना तिच्या पाठीचा काटा आईच्या डाव्या करंगळीत घुसला. असे काटे रोज लागतात. थुंकी लावायची, पुढचा मासा सोडवायचा. हा काटा मात्र आत मोडला. रात्रीतून बोट टम्म सुजलं. वस्तीजवळ सरकारी उपकेंद्र आहे. इमारत आहे, पाटी आहे, दाराला कुलूप आहे. नर्सची जागा रिकामी. आई तीन दिवस तिथं जाऊन पायरीवर बसून आली. वरून कुणीतरी येतं म्हणे आठवड्यातून एकदा. त्या आठवड्यात आलं नाही. चौथ्या दिवशी शेजाऱ्यानं तिला मोटारसायकलवर मागं बसवून शहरात आणलं, तोवर काळा रंग शेजारच्या बोटात उतरला होता. दोन्ही बोटं काढली. पंजा वाचला हे नशीब समजा, असं डॉक्टर म्हणाले.

मी तेव्हा कुठं होते? पडेगावला खोली घेऊन राहत होते आणि शहरात एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसत होते. मला फोन चौथ्या दिवशी आला. "तुझ्या कामाचा खोळंबा नको म्हनलं," आई म्हणाली. लेक दवाखान्यात कामाला आणि आई पायरीवर बोट घेऊन बसलेली. याची मला लाज वाटली पाहिजे होती. मला दुसरीच लाज होती. दवाखान्यात मी कधी डब्यात मासा नेला नाही. आमच्या डॉक्टरबाईंनी एकदा विचारलं, "वडील काय करतात?" मी शेती म्हटलं. आमच्या घराला वीतभर रान नाही.

आई आता पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून तीन बोटांच्या हातानं विणते. पूर्वी दिवसात करायची ते काम चार दिवस चालतं.

आणि मग तिला मोबाइलमध्ये कोकणातले साहेब सापडले. आमदार. दर्यावरच्या गावातले, मासळीवर वाढलेले. विधानसभेत ते उभे राहायचे आणि मच्छीमारांसाठी, गावातल्या दवाखान्यांसाठी असे काही कडाडायचे की समोरचे मंत्री कागद चाळायला लागायचे. डॉक्टर का नाहीत? माझ्या कोळणीनं बाळंतपणाला होडीतून कुठवर जायचं? आई तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायची. म्हणायची, "ह्यो आपला मानूस हाय. पान्यावरचा हाय. ह्याला काटा म्हनजी काय, सांगावं लागायचं नाय."

म्हणून साहेब आमच्या शहरात मच्छीमार आणि ग्रामीण आरोग्याच्या परिषदेला येणार, हे कळल्यावर आई हरखून गेली. साहेबांना राज्यभरच्या मच्छीमारांचं पुढारपण हवं होतं. भाऊसाहेबांना तिकीट हवं होतं. मधे आम्ही. पालखीचे भोई. स्वागताला नाच करायला पाच बायका पाठवा, असा भाऊसाहेबांचा निरोप वस्तीवर आला. मी एकच अट घातली. साहेबांसमोर आईला दोन मिनिटं बोलू द्यायचं. उपकेंद्रात नर्स द्या, एवढंच ती मागणार. भाऊसाहेब फोनवर म्हणाले, "दोन काय, पाच मिनिटं घ्या की."

मी आईसाठी कागदावर चार ओळी लिहिल्या. तिनं कागद परत दिला. "कागद कशाला? हात दावते की. हातच बोलंल."

आणि तोच हात मी झाकला.

आम्हाला स्टेजवर मागच्या बाजूला ओळीनं उभं केलं. वल्हं खांद्यावर. साहेब बोलायला उठले. सुरुवातीलाच म्हणाले, "संभाजीनगरला मच्छीमारांची परिषद म्हटल्यावर मी विचारलं, हर्सूलच्या तलावात गळ टाकून बसतात की काय तुमचे लोक?" मंगल कार्यालय खदखदून हसलं. आईही हसली. तिला वाटलं, आपला माणूस थट्टा करतोय.

मग ते खरंच बोलायला लागले. आणि चांगलं बोलले. खोटं कशाला सांगू? डिझेलचं बोलले, वादळाचं बोलले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या बंदरावर या. शिंगाळा माशाचा काटा लागून हात गमावलेली माणसं दाखवतो. काट्यानं हात जात नाही हो. हात जातो दवाखान्याला कुलूप असतं म्हणून."

माझ्या अंगावर काटा आला. आमचीच गोष्ट. आईनं मला कोपरानं ढोसलं. "बघ. म्हनलं नव्हतं?" तिचे डोळे भरले होते. तिनं हात तोंडाशी नेला आणि दातांनी रुमालाची गाठ सोडायला लागली.

टाळ्या थांबल्या. भाऊसाहेबांनी माइक घेतला. "वेळेअभावी मनोगतं रद्द करत आहोत. आता साहेबांच्या स्वागतार्थ आपल्या कोळी भगिनींचं नृत्य."

आई थांबली नाही. तिला "वेळेअभावी" कळलंच नसावं. ती ओळीतून निघाली, वल्हं खाली ठेवलं आणि साहेबांच्या खुर्चीपुढं जाऊन तीन बोटांचा हात समोर धरला. "सायेब, ह्यो बघा. तुमी आत्ता बोल्ले ना, त्योच हात हाय. आमच्याकडं बी कुलूपच हाय."

साहेबांनी हाताकडं बघितलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. अर्धा क्षण त्यांना कळलं होतं, हे मी शपथेवर सांगते. मग त्यांनी खाली बसलेल्या फोटोवाल्यांकडं पाहिलं, भाऊसाहेबांकडं पाहिलं, आणि खुर्ची मागं घेतली.

"आजी, हा तुमच्या जिल्ह्यातला विषय. भाऊसाहेबांना भेटा."

भाऊसाहेबांच्या हातात माइक चालूच होता. ते म्हणाले, "वल्हं धरायला बोटं नाहीत, पण म्हातारीला नाचायची हौस बघा!"

लोक हसले. पुढच्या रांगेतल्या वहिनीसाहेब हसल्या. साहेबही ओठ दाबून हसले.

आणि माझी आई हसली. सगळे हसताहेत म्हणून. हात तसाच पुढं धरून, कागदी फुलं केसात घालून, पाठीच्या पिना उघड्या पडलेल्या, ती त्यांच्यासोबत हसली.

तिथं माझं काहीतरी तुटलं. आजतागायत जुळलं नाही. जुळू नये.

गाणं सुरू झालं. चुलतीनं वल्हं उचललं, दोन पावलं टाकली. मी तिचं वल्हं धरलं. "काकू, नाय नाचायचं." तिनं वल्हं सोडलं आणि स्टेजवर खाली बसली. तिचं बघून त्या दोघीही बसल्या. मी केसातली फुलं काढून टाकली. भाऊसाहेबांच्या हातातला माइक मी ओढून घेतला. मागून घेतला नाही.

"ही माझी आई," मी म्हटलं. "हिची बोटं उपकेंद्राच्या पायरीवर सडली. आम्ही कोळी नाही, भोई आहोत, हे कपडे भाड्याचे आहेत. आणि हे चेअरमन आयुष्यात पाण्यात उतरलेले नाहीत, यांना विचारा जाळ्याला—"

माइक बंद केला. पुढचं मी ओरडून सांगितलं, पण गाणं मोठं केलं होतं. दोघांनी माझे दंड धरले आणि मला मागच्या दारानं बाहेर काढलं. आई माझ्यामागं आली. कार्यालयाच्या मागं भांडी घासायच्या जागी आम्ही उभ्या राहिलो. आईच्या मुठीत रुमाल होता.

"धुऊन परत द्यावा लागंल," ती म्हणाली. "परक्याची वस्तू हाय."

मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

आठ दिवसांत व्हायचं ते झालं. आमच्या घराला जाळं टाकायला बंदी आली. कारण सांगितलं, सोसायटीची शिस्त मोडली. चुलतीच्या घरालाही. भाऊसाहेबांचा माणूस वस्तीवर आला, झाडाखाली बसला, चहा प्यायला. म्हणाला, "बंगल्यावर येऊन माफी मागा. वहिनीसाहेब मोठ्या मनाच्या आहेत." उठताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, बाई."

मी म्हटलं, "आमचा जन्मच माशाशी वैर करण्यात गेला. तुमच्या भाऊसाहेबांना सांगा."

मी सोसायटीच्या सभासदांची यादी मागितली. दिली नाही. अर्ज केला, पुन्हा केला, तालुक्याच्या कचेरीत दिवसभर बाकावर बसले. तिथं मला आई आठवायची, पायरीवरची. मी उठले नाही. यादी मिळाली. तिच्यात भाऊसाहेबांचे मेहुणे मच्छीमार आहेत. त्यांचा ड्रायव्हर मच्छीमार आहे. आमच्या वहिनीसाहेब, नाकाला रुमाल लावल्याशिवाय आमच्या खोलीत पाऊल न टाकणाऱ्या, त्याही मच्छीमार आहेत. आणि माझी आई नाही. ती कधी नव्हतीच.

ती यादी मी वस्तीत घरोघर वाचून दाखवली. नावं ऐकताना पहिल्यांदा लोक हसले. मग हसायचे थांबले. एकेक नाव हरकत घेऊन कचेरीला खोडायला लावलं. आईचं घालायला लावलं, आता सुट्टीला तिच्यासोबत जाळ्यावर बसते म्हणून माझं घालायला लावलं, वस्तीतल्या बायकांची घातली. निवडणूक लागली आहे. चेअरमनच्या खुर्चीच्या वाटेवर मी माझा अर्ज भरून ठेवला आहे. मला समजावायला बरेच जण येऊन गेले. कुणी म्हणतं, सूडानं पोट भरत नाही. नसेल भरत. माफीनं कुणाचं भरलं?

दवाखान्यात मी आता डब्यात मासा नेते. वडील काय करतात तेही सांगितलं. डॉक्टरबाई जेवायच्या वेळी खिडकी उघडतात. उघडोत.

उपकेंद्राचं कुलूप अजून आहे. ज्या दिवशी मी त्या खुर्चीत बसेन, त्या दिवशी अख्खी वस्ती घेऊन मी त्या पायरीवर बसणार आहे, आणि नर्स येईपर्यंत कुणी उठणार नाही. कोकणातल्या साहेबांनाही पत्र लिहिणार आहे. तुमच्या बंदरावर येते, तुम्ही म्हणालात ते हात बघायला. आईला घेऊन येते. या वेळी खुर्ची मागं घेऊन दाखवा.

आणि रुमाल माझ्या पेटीत आहे. धुतलेला नाही. गाठीवर आईच्या दातांचे व्रण आहेत. मतमोजणी झाली की मी तो घेऊन बंगल्यावर जाणार आहे आणि वहिनीसाहेबांच्या हातात देणार आहे. सांगणार आहे, ठेवा जवळ, लागेल तुम्हाला. उद्यापासून चेअरमनच्या खोलीला मासळीचा वास येणार आहे.