किडीचं औषध

माझी जीभ वाईट आहे हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे आणि कालपरवापर्यंत मला त्याचा अभिमान होता. लोहाऱ्यात माझं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. दुकानापुढं एक बाकडं आहे. त्यावर बसणारी निम्मी माणसं काही घ्यायला आलेली नसतात, मी कुणाची कशी खिल्ली उडवतो ते ऐकायला आलेली असतात. कुणी सोयाबीनचं वाळकं पान घेऊन आला की मी आधी पान बघत नाही, त्याच्याकडं बघतो. ‘पानाचं सांगतो मागून, तुमाला काय झालंय?’ म्हटलं की बाकडं हसतं. मग मी पान उलटून बघतो, अळी कुठली ते सांगतो, बाटली काढून देतो. माझं औषध चुकत नाही, म्हणून लोक माझं बोलणं खपवून घेतात.

घरात बाकडं नव्हतं, पण जीभ तीच होती. बायको परंड्याकडची, सातवीपर्यंत शिकलेली. रोज सकाळी मोरीपाशी उकिडवी बसून मिसरी लावायची. तंबाखू तव्यावर करपेपर्यंत भाजून त्याची काळी पूड करतात, ती मिसरी. आमच्याकडं कितीतरी बायका तिनंच दात घासतात, आणि दात घासून झाले तरी बोट तोंडातून निघत नाही. मी तिला म्हणायचो, ‘तुझं तोंड म्हणजे एसटीचा सायलेन्सर.’ ती पदर तोंडाला लावून हसायची. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण तिला तोंडभर हसताना मी पाहिलेलं नाही. तो पदर माझ्यामुळं तोंडावर यायचा, हे मला कळत होतं. कळूनही मी थांबलो नाही, कारण मजा यायची.

मी स्वतः दिवसाला गुटख्याच्या सात-आठ पुड्या खायचो. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

उन्हाळ्यात तिची उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली. पहिल्यांदा तिनं सांगितलं तेव्हा मी मोबाइलवर बाजारभाव बघत होतो. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बियाण्याची गाडी उतरत होती. तिसऱ्यांदा मी जेवत होतो आणि ती समोर उपाशी बसली होती, कारण तिला चावता येत नव्हतं. मी भाजीत मीठ कमी आहे एवढंच म्हणालो. दाढेत लवंग धरून, ठणका वाढला की वरून मिसरी चोळून ती दिवस काढत राहिली. मिसरीनं जरा बधिर होतं, तेवढा वेळ बरं वाटतं, आणि आत दाढ सडत जाते.

मग ऐन फवारणीच्या दिवसांत एका दुपारी ती डबा घेऊन दुकानात आली. गाल सुजला होता. बाकडं भरलेलं होतं. डबा ठेवून ती म्हणाली, “आवं, दाढंला कीड लागलीया. आता सोसना झालंय.”

कीड म्हटल्यावर बाकड्यावरची सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. असा चेंडू मी सोडणारा नव्हतो.

“कीडच हाय न्हवं? मग रडतीस कशाला? सगळ्या तालुक्याची कीड मी मारतो, तुझ्या एका दाढंचं काय घेऊन बसलीस.”

बाकडं हसलं. ती हसली नाही. तिनं विचारलं, “कंचं औषध?”

मला वाटलं, ती पण गमतीत सामील झाली. मी गिऱ्हाइकाला सांगतो त्याच आवाजात, हातवारे करून सांगितलं, “शेंगंतल्या अळीला मारतो ते. कापसाचा बोळा भिजवायचा, दाढंत दाबायचा. दोन तासांत अळी खल्लास.” एक म्हातारा हसता हसता ठसकला, त्याला पाणी द्यावं लागलं. तिनं मान डोलावली आणि ती गेली. मी डबा उघडून जेवलो.

तिच्या डोक्यात काय होतं ते मला नंतर कळलं. लहानपणी तिची आई तिला परंड्याच्या बाजारात एका माणसाकडं न्यायची. तो निखाऱ्यावर रिंगणीच्या काटेरी झुडपाच्या बिया टाकायचा, नळीनं धूर दाढेत सोडायचा आणि मग पाण्याच्या वाटीत पांढरे बारीक किडे दाखवायचा. ते किडे त्या माणसाच्या बोटांतून पडायचे, पण तिनं ते डोळ्यांनी बघितले होते. मराठी माणूस दाताला कीड लागली म्हणतो आणि मोकळा होतो. तिच्या लेखी ती खरी कीड होती, जिवंत, दाढ पोखरणारी, आणि तिच्या घरात कीड मारणारा माणूस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दुकानात गेल्यावर, तिनं परसातल्या वांग्यांसाठी आणून ठेवलेली त्याच औषधाची बाटली काढली. शेजारणीचा फोन आला तेव्हा मी कुणाची तरी खिल्ली उडवतच होतो. घरी पोचलो तर ती उंबऱ्यात पडलेली, तोंडातून लाळेची धार, अंग घामानं निथळत होतं, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. वास ओळखायला मला बाटली बघावी लागली नाही. नाकाला फडकं बांधलेलं होतं आणि मोरीवर साबण ओला होता. फवारताना नाक झाका, नंतर हात साबणानं धुवा, हे मी दिवसातून वीस वेळा सांगतो. तिनं सगळं सांगितल्याप्रमाणं केलं होतं.

उमरग्याच्या दवाखान्यात कुणी दाढेचं विचारलंच नाही. आमच्या भागात बाईच्या तोंडाला औषधाचा वास आला की एकच प्रश्न असतो. “किती पिली? भांडण झालतं का?” नाकातून नळी घातली, पोट धुतलं, इंजेक्शनांवर इंजेक्शनं दिली. तीन दिवस ती जगते का जाते, ते कुणी सांगेना. नियमाप्रमाणं पोलीस आला. परंड्याहून तिचा भाऊ आला. भिंतीला टेकून माझ्याकडं बघत तो म्हणाला, “दाजी, खरं सांगा. काय केलतं तुमी तिला?”

खरं सांगायला एक वाक्य पुरत होतं. मी म्हणालो, “तुमची बहीण अडाणी हाय. दाढ दुखती म्हणून औषध लावून घेतलं. कुणी सांगितलं तिला, देव जाणे.” मी तावातावानं बोललो, त्यामुळं ते खरं वाटलं असावं. तिच्या खोलीचं दार उघडं होतं. ती आत जागी होती का, हे मी पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी तिला बोलता यायला लागलं. पोलिसानं वही उघडून विचारलं, “औषध घ्यायला कुणी सांगितलं?” मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. ती माझं नाव घेईल याचीच मला भीती होती, तिच्या जिवाची नव्हे, हे इथं लिहायला हवं. तिनं सावकाश सांगितलं, “कुणी न्हाय. माजंच डोस्कं. गिळलं न्हाय म्या, थुकतच हुते.” पोलिसानं अंगठा नाही, सही घेतली.

घरी सोडायच्या आधी तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. हिरडी जळून पांढरी पडली होती, दोन दाढा काढाव्या लागल्या. बाई वयानं लहान, पण बोलायला माझ्यापेक्षा कडक निघाल्या. “दाताची कीड म्हणजे किडा नसतो,” त्या म्हणाल्या. “गोड चहा, बिस्किटं दातांत अडकतात, त्यावर जंतू वाढतात, त्यांच्या आम्लानं दात पोखरतो. सकाळी आणि रात्री झोपताना मऊ ब्रशनं, फ्लोराइडच्या पेस्टनं घासायचं. मिसरी बंद. सहा महिन्यांनी एकदा दाखवायचं. उन्हाळ्यात आणलं असतं तर अर्ध्या तासात दाढ भरून दिली असती. का नाही आणलं?” मी कामाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही पण उघडा तोंड.” मी उघडलं. तीन बोटं उभी जायला हवीत, माझ्या तोंडात दीडच गेली. गुटख्यानं गाल आतून आवळत चालला होता. बायकोनं तेवढ्यातही काळजीनं विचारलं, “ह्यांचं बरं हुईल न्हवं?”

पुड्या त्या दिवशी सुटल्या. बाकड्यावर मात्र ही गोष्ट माझ्याआधी पोचली होती, आणि लोक माझ्याकडं बघायचं टाळायचे, कारण मी तिला सांगितलेलं औषध त्यांनी ऐकलं होतं. तेही पोलिसाला काही बोलले नाहीत.

पंधरा दिवसांनी ती ओसरीत शेंगा निवडत बसली होती. मी समोर बसलो. चार शेंगा मीही निवडल्या. शेवटी विचारलं, “तुला खरंच वाटलं का गं, ते औषध लावायचं असतंय म्हणून?”

तिनं एक पोखरलेली शेंग बाजूला टाकली.

“तीन डाव सांगितलं तवा तुमी मान वर केली न्हाय. चवथ्या डावाला माज्याकडं बघून बोललाव. गिऱ्हाइकाला सांगताव तसं, नीट. मला वाटलं, आता आपलंबी ऐकलं ह्यांनी.”

एवढं बोलून तिनं सवयीनं पदर तोंडावर घेतला.